पाहुणी भाषा आणि तिचे यजमान



प्राथमिक शाळेतील बालकांचे इंग्रजीचे शिक्षण आनंददायी आणि सर्जनशील कसे होईल, या एकाच प्रश्नाचा साकल्याने विचार करण्यासाठी आपण सर्व आपापली कामे बाजूस सारून कारंजा तालुक्यातील धनज या कृषिप्रधान गावी हजर झाला आहात, याबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. मोठ्या शहरांतील सभागृहांची सोय आमच्यापाशी नाही. शाळेच्या पटांगणातील हा मांडव, रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी यांचे भोजन आणि काळ्या मातीतल्या माणसांचा जिव्हाळा, एवढाच आमचा सरंजाम आहे. तो आपण गोड मानून घ्यावा.

इंग्रजीचा विचार करण्यासाठी हे स्थळ कोणास आडवळणाचे वाटल्यास त्यास मी आमच्या तालुक्याच्याच गावाचा एक दाखला देऊ इच्छितो. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून विख्यात असलेल्या कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांत पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेल्या पोथ्यांकडे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांचे लक्ष गेले आणि त्यांच्या व्यासंगातून १९३३ साली ‘णायकुमारचरिउ’ व १९३४ साली ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश ग्रंथ, इंग्रजी प्रस्तावनांसह, कारंज्याच्याच ग्रंथमालांतून प्रकाशित झाले, तेव्हा वऱ्हाडच्या एका गावात बासनात बांधून राहिलेली विद्या देशोदेशींच्या पंडितांच्या दृष्टीस पडली. इंग्रजी शिकून जगाकडून घ्यावे, असे सर्वच सांगतात. इंग्रजी शिकून आपले जगाला देताही येते, हे कारंज्याने दाखवून दिले आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी या भाषेला वाघिणीचे दूध म्हटले, ते यथार्थच होते. परंतु ते दूध ज्या रीतीने आमच्या पिढीला पाजण्यात आले, तिच्यामुळे बालकांच्या वाट्याला दुधापेक्षा वाघिणीचे भयच अधिक आले. माझ्या लहानपणी इंग्रजी पाचव्या इयत्तेत सुरू होई. ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असा घोष आम्ही सारा तास करीत असू, आणि खिडकीबाहेर भिंतीवरून खरे मांजर चालत जाई, तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवून इंग्रजीत एक वाक्य उच्चारण्याचे धैर्य आमच्यापैकी एकाही मुलास होत नसे. पुढे प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजीचा स्वीकार केला, त्याला आता पाव शतक होऊन गेले. शासनाचे फर्मान निघाले, पाठ्यपुस्तके आली, वेळापत्रकात तासिका आली. परंतु पाचवीतले भय पहिलीपर्यंत खाली उतरू नये, ही जबाबदारी कोणतेही परिपत्रक पार पाडू शकत नाही. ती ज्यांच्या शिरावर आहे, ते सर्व आज या मांडवात बसलेले आहेत.

या भयाचे मूळ कोठे आहे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपली देवनागरी लिपी प्रामाणिक आहे. जे अक्षर दिसते, तेच बहुधा उच्चारले जाते. या सरळ व्यवहाराची सवय असलेल्या सहा वर्षांच्या बालकापुढे ‘बी-यू-टी’चा ‘बट’ आणि ‘पी-यू-टी’चा ‘पुट’ ठेवला, म्हणजे भाषेवरचा त्याचा विश्वासच डळमळतो, आणि चूक आपली नसून त्या लिहिण्याच्या शिरस्त्याची आहे, हे त्याला कळण्याचा काही मार्ग नसतो. म्हणून माझे नम्र निवेदन असे की, प्रारंभीची दोन वर्षे इंग्रजी ही कानाची, जिभेची आणि हातापायांची भाषा असावी. डोळ्यांची आणि लेखणीची पाळी मागाहून यावी. मायबोलीही आपण याच क्रमाने शिकलो. आईने सांगितलेले ‘ये’, ‘बस’, ‘दे’ हे शब्द आपण उच्चारण्यापूर्वी कित्येक महिने पाळत होतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी याच निरीक्षणावर आपली अध्यापनपद्धती उभी केली. तीत शिक्षक आज्ञा करतो आणि विद्यार्थी उडी मारून, वळून, दार उघडून ती आज्ञा पाळतो. बोलण्याची त्याच्यावर सक्ती नसते, आणि अर्थ अंगात मुरल्यावर शब्द आपोआप ओठांवर येतो.

परंतु अशी युक्ती शोधण्यासाठी आपणास समुद्रापलीकडे जाण्याची गरज नाही. चिमणी आणि कावळ्याची गोष्ट ऐकलेली नाही, असे बालक मराठी मुलुखात विरळाच. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दारावर पुनःपुन्हा थाप मारतो आणि ती दर वेळी आपण आत काय करीत आहोत, ते सांगून त्याला थांबवते. बाळाला न्हाऊ घालते आहे, जेवू घालते आहे, निजवते आहे, या तिच्या उत्तरांत इंग्रजीचा चालू वर्तमानकाळ संपूर्ण सामावलेला आहे! वर्गातील अर्धी मुले ‘ओपन द डोअर’ म्हणणारे कावळे आणि अर्धी मुले ‘वेट’ म्हणून सबब सांगणाऱ्या चिमण्या झाली, तर जो नियम फळ्यावर महिनाभर लिहूनही मनात ठरत नाही, तो एका तासात गंमत म्हणून ठरतो.

आमच्या वऱ्हाडात कोजागरीपर्यंत घरोघर भुलाबाई मांडली जाते आणि गाणी संपल्यावर झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखण्याची झुंबड उडते. गोड आहे का, खारट आहे का, गोल आहे का, असे प्रश्न आणि हो-नाही एवढेच उत्तर. हाच खेळ वर्गात इंग्रजीत खेळला, तर प्रश्न विचारण्याची कला, जी मोठमोठ्या पदवीधरांनाही जड जाते, ती दुसरीतल्या मुलीला खाऊच्या ओढीने साध्य होते. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन आलेली मुले एकमेकांच्या नंदीचे नाव, रंग, शिंगे यांची इंग्रजीत विचारपूस करू शकतात. शाळेतील बालबाजारात मेथीची जुडी विकताना भाव सांगू शकतात. आणि बॅट, बॉल, आऊट, ट्रॅक्टर, पंप, बॅटरी हे शब्द आमच्या मुलांच्या बोलण्यात आधीच नांदत आहेत; पहिल्या दिवशी वर्गात तेच बोलून दाखविले, तर प्रत्येक बालकास कळेल की, या भाषेचे शेदोनशे शब्द आपण शाळेत येण्यापूर्वीच शिकलो आहोत.

त्यास आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी. आमच्या धुऱ्यावरून पळणारे जे मुंगूस, त्याला इंग्रजीत ‘मॉन्गूस’ म्हणतात, आणि तो शब्द इंग्रजांनी आपल्या मराठीकडूनच घेतला आहे. ज्या भाषेने आपल्या शेतातून एक प्राणी नावासकट उचलून नेला, त्या भाषेपुढे मान खाली घालून उभे राहण्याचे कारण नाही, ही भावना मुलाच्या मनात एकदा रुजली, म्हणजे निम्मे अध्यापन झाले असे मी समजतो.

येथे कोणी अशी शंका घेईल की, इंग्रजीचा एवढा पुरस्कार मायबोलीच्या मुळावर तर येणार नाही? शंका गंभीर आहे, आणि तिला आपल्या विदर्भातच थोर वारसा आहे. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेपुढे महात्मा गांधींनी मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधाराने द्यावयाच्या सात वर्षांच्या शिक्षणाची योजना ठेवली, तीत इंग्रजीला स्थान नव्हते. तो विचार आजच्या परिस्थितीत शब्दशः आचरता येणार नाही. परंतु त्याचे मर्म, म्हणजे मुलाचे ज्ञान त्याच्या परिसरातून आणि त्याच्या भाषेतून उगवले पाहिजे हे तत्त्व, इंग्रजीच्या शिक्षकानेच सर्वाधिक जपले पाहिजे. विवाहानंतर काही काळ अमरावतीस राहिलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला काम केले, तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. शाळा जर मुलासाठी कुरणात जाऊ शकते, तर इंग्रजीने आमच्या मुलाच्या अंगणात यावयास काय हरकत आहे? वऱ्हाडीत उत्तर देणाऱ्या मुलाला गप्प करून इंग्रजी शिकविता येणार नाही. त्याचे वऱ्हाडी उत्तर आनंदाने ऐकून घ्यावे आणि त्याच उत्तराला हळूच इंग्रजी शब्द द्यावा, हीच खरी रीत आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांना स्वतःच्या उच्चारांचा संकोच वाटतो, हे मी जाणतो. दोन-दोन इयत्ता एका खोलीत, त्यावर माहित्या आणि तक्ते यांचा भार, आणि पिवळ्या गाडीतून दूरच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांमुळे उतरत जाणारा पट, हे सारे आपण सोसत आहात. तरीही माझी विनंती आहे की, निर्दोष इंग्रजीची वाट पाहत थांबू नका. चुकत-चुकत, परंतु हसतमुखाने बोलणारा शिक्षक मुलाला चुकण्याची मुभा देतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमाने बालकास भयमुक्त शिक्षणाची हमी दिली आहे, आणि ज्या वर्गात गुरुजी चुकायला भीत नाहीत, त्याच वर्गात ती हमी कागदावरून खाली उतरते. या परिषदेने निदान एवढे करावे की, प्रत्येकाने आपल्या वर्गात यशस्वी झालेला एक खेळ, एक गोष्ट वा एक युक्ती येथे करून दाखवावी आणि परतताना दुसऱ्याची एक सोबत न्यावी.

आजच्या पुरते स्वागताध्यक्षपद आपण माझ्याकडे सोपविले आहे. या गावात पाहुणा आला, म्हणजे त्याला प्रथम ओसरीवर बसवितात, पाण्याचा तांब्या पुढे करतात, घरातल्या लहानग्यांना हाक मारून त्याच्याशी ओळख करून देतात. आणि आईचा पदर धरून भीत-भीत पाहणारे मूल घटकाभरात त्याच्या मांडीवर जाऊन बसते. इंग्रजी ही आमच्या लेकरांच्या घरी आलेली अशीच एक दूरची पाहुणी आहे. ओसरी मायबोलीची आहे, आणि लेकराचा हात पाहुणीच्या हाती देण्याचे काम आपले आहे. माझे स्वागताध्यक्षपद आज संध्याकाळी संपेल. आपले उद्या सकाळी परिपाठाच्या घंटेबरोबर सुरू होईल. ते आपण प्रेमाने निभवाल, या विश्वासाने मी पुनश्च आपणा सर्वांचे स्वागत करतो आणि अध्यक्षमहोदयांना परिषदेचे कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.