हे मूल कोणत्या रजिस्टरात?



 ही परिषद नाशिकला भरते आहे याचा अध्यक्ष म्हणून मला विशेष आनंद आहे. कुपोषण म्हटलं की आपण मेळघाट, नंदुरबार, मोखाडा यांची नावं घेतो आणि ज्या जिल्ह्यात बसून बोलतो तोच नजरेआड राहतो. म्हणून आज मी बरंचसं नाशिकबद्दलच बोलणार आहे.

या जिल्ह्याच्या पश्चिमेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी. धो धो पाऊस, उतारावरची नागली, वरई आणि भात. वस्ती कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची. पूर्वेकडे उतरलं की दिंडोरी, निफाड, म्हणजे द्राक्षांचा मुलूख. देशातून परदेशी जाणाऱ्या द्राक्षांपैकी बहुतांश याच जिल्ह्यातली. दोन्हींमध्ये अंतर एसटीच्या काही तासांचं. वर डोंगरात आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या होतात, त्याच दिवसांत जुलाब-ताप वाढतात आणि मुलांची वजनं उतरतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती आलेली नागली किती महिने पुरणार याचा अंदाज घरोघर घेतला जातो आणि माणसं खाली बागांकडे निघतात. ऑक्टोबर छाटणी, मग विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, आणि जानेवारीपासून काढणी. काम बहुतेक एकरी मक्त्याने, टोळीला दिलेलं. कित्येकांनी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, त्यामुळे मजुरीची घासाघीस करायला तोंड उरत नाही.

डिसेंबरात दिंडोरीकडच्या एका बागेच्या बांधावर मी पाहिलेलं सांगते. ताडपत्रीच्या पाच-सात झोपड्या. दीड वर्षाचा मुलगा, आणि त्याला कडेवर घेतलेली आठेक वर्षांची बहीण. दंडाला पट्टी लावली तर माप तीव्र कुपोषणाच्या लाल भागात, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. आई सकाळी सातलाच डिपिंगला गेलेली. मक्त्याच्या कामात ती मधेच उठून आली तर अख्ख्या टोळीचा खोळंबा. ताटलीत सकाळची भाकरी वाळून कडक झालेली, पोराच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. त्याचं नाव सुरगाणा तालुक्यातल्या एका अंगणवाडीत होतं, तिथे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडलेला. बागेजवळच्या गावातल्या अंगणवाडीत त्याचं नावच नव्हतं, कारण तिथल्या सेविकेला मंजूर पटाइतकाच आहार येतो.

आईला कळत नाही, ती अडाणी आहे, असं आपण किती सहज बोलून जातो! त्या माउलीशी मी संध्याकाळी बोलले. बाळाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवायचं, वरणात तेल घालायचं, उकळलेलं पाणी द्यायचं, हे सगळं तिने मलाच सांगितलं. गावाकडच्या सेविकेने तिला ते नीट शिकवलं होतं. तिच्याजवळ ज्ञान होतं, वेळ नव्हता. आणि तिचा वेळ कोणाकडे गेला होता, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात सुटत नाही. तो मजुरीच्या दराचा, उचलीचा आणि पाळणाघराचा प्रश्न आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर ती सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिलाही मजुरी द्यायची. खासगी बागेत राबणाऱ्या बाईला तेवढाही आधार नाही.

आणखी एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेने २००६ च्या सुमारास ग्रेपनेट सुरू केलं. निर्यातीच्या प्रत्येक द्राक्षबागेची त्यात नोंद असते, औषधांचे अंश तपासले जातात, आणि युरोपातल्या दुकानात पोचलेली पेटी कोणत्या प्लॉटमधून आली हे शोधता येतं. उत्तम व्यवस्था आहे. आपल्या शेतकऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी ती कष्टाने उभी केली, तिचा मला अभिमान आहे. ती उभी राहिली, कारण तिच्यामागे बाजाराचा दट्ट्या होता. अंश सापडले तर माल परत येणार होता. त्याच बागेच्या बांधावरचं मूल एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेलं की सापडत नाही, कारण ते हरवल्याने कोणाचंच नुकसान होत नाही. ते मत देत नाही. त्याच्या आईवडिलांचं मत डोंगरावरच्या गावात, आणि वर्षातले कितीतरी महिने मुक्काम दुसऱ्याच्या मतदारसंघात. त्या मतदारसंघाच्या आमदाराकडे ते काय मागणार? राजकारण आणि पोषण यांचं नातं मला तरी इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आता राज्याकडे पाहू. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ४६.३ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. २०१५-१६ मध्ये हा आकडा ३४.४ वर आला. दहा वर्षांत बारा टक्केबिंदूंची घट, ही लहान गोष्ट नव्हे. या काळात जव्हारच्या वावर-वांगणीतल्या १९९२-९३ च्या बालमृत्यूंची आठवण जिवंत होती, ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालाने राज्याला बालमृत्यूंचं खरं प्रमाण दाखवलं होतं, सर्वोच्च न्यायालय अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेशामागून आदेश देत होतं, आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं होतं. या मिशनच्या व्ही. रमणी यांच्यासारख्या अधिकाऱ्याने खरी वजनं नोंदवायला सांगितलं आणि आकडे वाईट आले म्हणून सेविकेला बोल लावला नाही. याचं महत्त्व इथल्या सेविकांना मी वेगळं सांगायला नको.

पुढे काय झालं? २०१९-२१ च्या सर्वेक्षणात खुजेपणा ३५.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं दोन्ही वेळा २५.६ टक्के, आणि त्यातली तीव्र कुपोषित एकूण मुलांच्या ९.४ वरून १०.९ टक्के. घट थांबली आणि काही बाबतींत उलटली. एकाच कारणाकडे बोट दाखवता येणार नाही. पण २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकात्मिक बालविकास योजनेची मूळ तरतूद जवळजवळ निम्म्यावर आणली गेली, राज्यांनी केंद्रीय करांतल्या आपल्या वाढीव वाट्यातून भर घालावी असं सांगून. त्याच सुमारास पैसे थांबल्याने आपल्याकडची ग्राम बाल विकास केंद्रं बंद पडली. गावातच तीस दिवस थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खाऊ घालून मूल सावरणारी ही केंद्रं. २०१६ च्या पावसाळ्यात मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, तेव्हा ती पुन्हा सुरू करावी लागली. मुलं मेल्याशिवाय तिजोरी उघडत नाही, हा अनुभव आपण वावर-वांगणीपासून घेतो आहोत. २०१७ साली सर्वसाधारण मुलाच्या पूरक आहाराचा दर दिवसाला आठ रुपये ठरला आणि पुढे वर्षानुवर्षं तोच राहिला. डाळीचे, तेलाचे भाव मात्र थांबले नाहीत.

पैसा किती, याइतकंच तो कोणाच्या हातात जातो हेही महत्त्वाचं. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, गावातल्या महिला मंडळांना आणि बचतगटांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं. तरी आपल्या राज्यात बचतगटांची नावं पुढे करून मोठे पुरवठादार टिकून राहिले, आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाला राज्याची हजारो कोटींची निविदा रद्द करावी लागली. या पुरवठादारांकडून येणारी घरपोच आहाराची पाकिटं कोंबड्यांना, गुरांना जातात, असं अधिकारी चिडून म्हणतात. ती पाकिटं एकदा शिजवून खाऊन बघा, मग मुलांना दोष द्या.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण मिळतं. पुढे मुलांसाठी अंडं आलं, न खाणाऱ्यांना केळी. जेवण गावात शिजतं, शिजताना सगळे बघतात, त्यामुळे चोरी कठीण होते. शाळेच्या पोषण आहारातही २०२३ च्या नोव्हेंबरात अंडं आलं. काही गटांनी विरोध केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवून लोकसहभागाकडे बोट दाखवलं. ज्यांच्या घरात अंडी आवडीने खाल्ली जातात, त्यांच्या मुलांच्या ताटाचा निर्णय ज्यांनी कधी अंडं खाल्लं नाही त्यांनी करावा, हे मला मान्य नाही.

देशाबाहेरचंही एक उदाहरण घ्या. ब्राझीलमध्ये १९७४-७५ साली ३७ टक्के मुलं खुजी होती, २००६-०७ ला ७ टक्के उरली. अभ्यासकांनी कारणं शोधली, तेव्हा आईचं शिक्षण, गरिबांची वाढलेली क्रयशक्ती, आरोग्यसेवा आणि पाणी-सांडपाणी ही चार प्रमुख निघाली. तिथल्या २००९ च्या कायद्याने शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के लहान शेतकरी कुटुंबांकडून खरेदी करण्यासाठी राखून ठेवले. तशीच सुरगाण्याची नागली सुरगाण्याच्या अंगणवाडीत विकत घेतली गेली, तर आषाढात तिथल्या घरात चार पैसे असतील आणि मुलाच्या पोटात लोह-कॅल्शियम जाईल. २०१८ च्या मार्चमध्ये याच शहरातून हजारो आदिवासी शेतकरी चालत मुंबईला गेले, तळपाय फाटेपर्यंत. ते वनजमिनीचे हक्क मागत होते. त्या मागणीचा बालरोगतज्ज्ञांशी काय संबंध, असं मला एका परिसंवादात विचारलं गेलं. जमीन नावावर असेल तर बांध पडतो, विहीर होते, दुसरं पीक येतं, दिवाळीनंतर घर सोडावं लागत नाही, आणि मूल आपल्याच अंगणवाडीत राहतं. इतका सरळ संबंध आहे.

तोपर्यंत जे घर सोडतील त्यांचं काय? रेशनचं धान्य आता कुठल्याही दुकानात उचलता येतं. २०२२ मध्ये राज्याने स्थलांतरितांचा माग ठेवणारी प्रणालीही आणली. पण मोबाइलवर नोंद झाल्याने वाटीत वरण पडत नाही. नोंद करणाऱ्या सेविकेचा मोबाइल बिघडलेला, आणि मानधन एवढं तुटपुंजं, की २०२३ च्या डिसेंबरपासून तिला संपावर जाऊन पन्नासहून अधिक दिवस रस्त्यावर बसावं लागलं. कुपोषण निर्मूलनाचं सगळं ओझं जिच्या डोक्यावर, तिला आपण अजून पूर्ण कर्मचारीही मानत नाही.

म्हणून या परिषदेपुढे मी एकच ठराव ठेवते आहे. येत्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या अंगणवाड्यांना अपेक्षित स्थलांतरित मुलांचा वाढीव आहार आगाऊ मंजूर व्हावा, मुलाचं नाव पटावर आहे की नाही हे न पाहता त्याला त्या दिवशी जेवू घालण्याचा लेखी अधिकार सेविकेला मिळावा, आणि बागांच्या समूहामागे एक पाळणाघर जिल्हा परिषद व द्राक्ष बागायतदार यांनी मिळून चालवावं. बागायतदारांशी मी बोलले आहे, त्यांच्यातले अनेक तयार आहेत. ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात चर्चेला येईल. त्यावर पहिल्यांदा सुरगाणा, पेठ आणि दिंडोरीहून आलेल्या सेविकांनी बोलावं. माझा उरलेला वेळ मी त्यांना देते.