उपवास धरता येतो, तसा सोडताही यायला हवा

आज बोलायची पाळी आमच्या गटाची आहे. आम्ही चौदाजणी आहोत. बचतीचा हिशेब आणि शेळ्यांचं कर्ज या विषयांवर तुम्ही आम्हाला याआधी ऐकलं आहे. आजचा विषय पैशाचा नाही, पोटाचा आहे. आणि आमच्या एका चुकीचा आहे. तीच चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून ती सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं.

नवरात्र आलं की आपल्याकडे घरोघरी घट बसतात. कुणी उठता-बसता उपवास धरते, कुणी नऊही दिवस धरते. बहुतेकजणी भगर, शाबू, शेंगदाण्याची आमटी खातात. पण दरवर्षी गावात दोघी-तिघी अशा असतात की त्या नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहतात. गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एकीनं तसे उपवास धरले. नाव सांगत नाही, आपण तिला वहिनी म्हणू. तिच्या परवानगीनंच बोलतोय. ती इथं शेजारीच बसली आहे आणि मान हलवते आहे.

वहिनीचा नवस होता, मुलाला नोकरी लागावी म्हणून. पण तिनं आम्हाला नंतर हेही सांगितलं की पुतणीचं लग्न जवळ आलं होतं आणि मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. नुसत्या पाण्यावर राहा, चरबी वितळते, पोट साफ होतं, असं त्यात होतं. म्हणजे एक डोळा देवीवर आणि एक काट्यावर. यात हसण्यासारखं काही नाही, आपल्यातल्या कितीतरी जणींचं असंच असतं.

घट बसले त्या दिवशी उपकेंद्रातल्या काट्यावर तिचं वजन 58 किलो होतं. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकलं. ते बरंचसं चहा सुटल्यानं होतं. चौथ्या दिवसापासून तोंडाला वेगळाच वास येऊ लागला, जीभ पांढरी झाली. सहाव्या दिवशी ती सोयाबीन काढायला रोजानं गेली आणि बांधावर चक्कर येऊन बसली. आम्ही काय केलं? पदरानं वारा घातला आणि म्हणालो, "देवी परीक्षा बघते, आता तीनच दिवस राहिले." दसऱ्याला वजन 52 किलो 500 ग्रॅम भरलं. साडेपाच किलो कमी! सगळ्या गल्लीत कौतुक झालं. दुपारी पुरणपोळी, गुळवणी, कटाची आमटी, भजी असं ताट वाढलं. दुसरी पोळी आग्रहानं वाढणारे हात आमचेच होते.

त्याच रात्री उलट्या आणि जुलाब सुरू झाले. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. आम्हाला वाटलं, पित्त झालं असेल, उतरेल. दुसऱ्या दिवशी पावलं सुजली. तिसऱ्या दिवशी हातापायात मुंग्या आल्या, छातीत धडधड सुरू झाली, घागर उचलवेना, बोलणंही अडखळू लागलं. तेव्हा कुठं आम्ही 108 ला फोन केला. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "किती दिवस खाल्लं नव्हतं, आणि सोडताना काय खाल्लं?" रक्त तपासलं तर पोटॅशियम आणि फॉस्फरस हे दोन्ही क्षार फार खाली गेले होते. आणखी एक रात्र घरी काढली असती तर हृदयावर बेतलं असतं. चार दिवस सलाईन लागलं. वहिनी वाचली.

पंधरा दिवसांनी वजन केलं तर 56 किलो. ती रडायलाच लागली. "एवढं सोसलं, ते सगळं वाया गेलं का?" म्हणाली. मग आम्ही तिला घेऊन पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेलो, आशाताईंनाही बरोबर घेतलं आणि सगळं नीट समजून घेतलं. ते आता तुम्हाला सांगतो.

आधी वजनाचं. आपलं शरीर रोजच्या गरजेसाठी थोडी साखर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठवून ठेवतं. हा साठा साधारण अर्धा किलोच असतो, पण त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं थांबलं की एक-दोन दिवसांत ही साखर संपत येते आणि ते पाणी लघवीवाटे निघून जातं. त्याच्याबरोबर मीठही जातं. आतडीही रिकामी होतात. म्हणून पहिल्या चार दिवसांत काटा भराभर खाली येतो. ती चरबी नसते, बरंचसं पाणी असतं.

मग चरबी किती जाते? एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. शेतात राबणाऱ्या बाईला दिवसाला दोन हजारांच्या आसपास लागतात. म्हणजे एक दाणा न खाता दिवसाला फार तर पाव किलो चरबी जाईल. नऊ दिवसांचे झाले सव्वादोन किलो, तेही सगळी ताकद चरबीतूनच आली असं धरलं तर. तशी ती येत नाही. शरीर मांसही मोडून खातं. दंडाचं, मांडीचं, ज्याच्या जोरावर आपण हंडा उचलतो ते मांस. उपवास सुटला की साखरेचा साठा पुन्हा भरतो, त्याच्याबरोबर पाणी परत येतं. इतके दिवस मीठ गमावलेलं शरीर खाणं सुरू होताच मीठ आणि पाणी घट्ट धरून बसतं, म्हणून पावलांवर सूजही येते. वहिनीचे परत आलेले साडेतीन किलो प्रामुख्यानं हेच होते. तिनं काही खादाडपणा केला नव्हता. मांस मात्र असं आठ दिवसांत भरून येत नाही. त्याला डाळ, दूध, अंडी आणि कष्ट लागतात, आणि महिने लागतात.

आता पोटाचं. उपवासात चार-पाच दिवस शौचाला झालं नाही तर बायका घाबरतात आणि एरंडेल किंवा जुलाबाची गोळी घेतात. घेऊ नका. आत काही गेलंच नाही, तर बाहेर काय येणार? जुलाब करून घेतले तर उरलेसुरले क्षारही जातात. "पोट साफ होतं" हा समज त्यातूनच आलेला आहे. आतडी रोजच्या खाण्यानंच आपलं काम करत राहतात. बरेच दिवस काम नसलं की आतलं अस्तर पातळ होतं आणि अन्न पचवणारे रस कमी तयार होतात. थंड पडलेल्या चुलीवर एकदम पुरणाचं पातेलं चढवलं तर ते शिजणार कसं? म्हणून तेलकट, गोड, दुधाचं पदार्थ पहिल्याच दिवशी खाल्ले की पोट फुगतं, कळा येतात, जुलाब होतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. आपण जेवतो तेव्हा पित्ताची पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. खाणंच नसलं तर पित्त तिथंच साठून घट्ट होतं. झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो तो त्यामुळं. उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीकडे, खांद्याकडे गेली तर नुसत्या पित्ताच्या गोळीवर भागवू नका. आणि दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागले, पाळी पुढं गेली, तर तीही अशा उपाशी राहण्याची खूण असू शकते. वहिनीचे केस संक्रांतीच्या सुमाराला गळायला लागले, तेव्हा तिला दसऱ्याची आठवणही नव्हती.

पण सगळ्यात मोठा धोका उपवास सोडताना असतो. आम्हाला वाटायचं, उपाशी राहण्यात जीव जातो, खाण्यात कसा जाईल? तो असा. लांब उपवासात शरीरातले क्षार आणि बी-1 जीवनसत्त्व हळूहळू कमी होतात. एकदम पोटभर गोड आणि पोळी-भात खाल्लं की रक्तात इन्सुलिन वाढतं. ती साखर वापरण्यासाठी पेशी रक्तातला फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आत ओढून घेतात. रक्तात ते फार खाली गेले की हृदयाचे ठोके चुकतात, श्वासाचे स्नायू थकतात, भान हरपतं. हे बहुधा खाणं सुरू केल्यावर पहिल्या पाच-सहा दिवसांत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी भरपेट जेवल्यावर असेच दगावले, तेव्हापासून डॉक्टर याबद्दल सावध आहेत.

आपल्या जवळचं उदाहरण गांधीजींचं आहे. 1943 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी 10 फेब्रुवारीपासून 21 दिवसांचा उपवास केला. वय 73. भोवती डॉक्टर होते. नुसतं पाणी पोटात ठरेना, तेव्हा त्यात मोसंबीचा थोडा रस घातला गेला. आणि 3 मार्चला उपवास सुटला तो पाणी घातलेल्या संत्र्याच्या रसावर. आमच्या बाजारच्या गावातली जैन कुटुंबंही पर्युषणात अठाई करतात, म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. त्यांच्याकडे पारण्याच्या दिवशी मुगाचं पाणी आणि असंच पातळ, हलकं देतात. म्हणजे सोडण्याचाही नेम असतो. आपण तोच विसरलो आणि ताट वाढलं.

तर मैत्रिणींनो, आता नीट ऐका. नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहूच नका, हे आमचं पहिलं सांगणं. पण कुणी राहिलीच असेल, आणि पाच दिवसांच्या वर झाले असतील, तर सोडण्याआधी दवाखान्यात दाखवा. पहिले दोन दिवस नेहमीच्या निम्म्याहून कमी खायचं, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. मुगाचं कढण, मीठ घातलेली तांदळाची पेज, मऊ वरण-भात, सोसत असेल तर पातळ ताक. गुळाचं पाणी, सरबत, ग्लुकोज पेलेच्या पेले पिऊ नका, ते पोळीइतकंच घातक ठरू शकतं. मग ज्वारीच्या कण्या, शिजवलेली भाजी, भाकरी असं चढवत न्या. पुरणपोळी आठवड्यानंतर. देवी कुठं पळून जात नाही आणि पुरणही नाही.

धडधड, धाप, मुंग्या, झटके, बडबड किंवा भ्रम, वाढती सूज, न थांबणारी उलटी, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. 108 ला फोन करा आणि "इतके दिवस उपाशी होती" हे स्वतःहून सांगा.

पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई, वयात येणाऱ्या मुली, साखरेची, बीपीची, हृदयाची किंवा किडनीची औषधं घेणाऱ्या, टीबीचा उपचार चालू असलेल्या, आणि आधीच बारीक असलेल्या बायका, यांनी असा उपवास अजिबात धरू नये. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे आपण उपवासाला बसतो तेव्हाच आपली कोठी अर्धी रिकामी असते.

राहिला प्रश्न नवसाचा. यावर आमच्या गटात दोन बैठका झाल्या, आवाजही चढले. एका आजींनी शेवट केला. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूनं पन्नास वर्षं उपवास केले. ती एक वेळ भगर खायची. देवीनं कधी तक्रार केली नाही." आम्ही ठरवलं की यंदा घट बसतील तेव्हा आमच्यातली कुणी नुसत्या पाण्यावर राहणार नाही. फळ, दूध, भगर, ताक घेऊन नेम पाळायचा. उपवासात रोजानं जाणारीचं अवजड काम दुसरीनं उचलायचं. आणि कुणाचं वजन उतरलं म्हणून चारचौघींत कौतुक करायचं नाही.

वहिनीला काही बोलायचं होतं, पण माइकसमोर लाजते आहे. तिचं म्हणणं आम्ही सांगतो. यंदाही ती उपवास धरणार आहे. एक वेळ भगर आणि ताक, संध्याकाळी फळ. दसऱ्याला मुगाची खिचडी तिनं आत्ताच ठरवून टाकली आहे. आम्ही चौदाजणी तिच्या पंगतीला तीच खाणार.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्यातलं कोण पाण्यावर उपवास धरतं, आणि सोडताना तिच्या ताटात काय असतं?