ऊन डोक्यावर, पंखा बंद
(वाशीम येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, मे महिना, भर दुपार, गच्चीवर सहा पॅनेल तळपताहेत आणि खाली घरात पंखा बंद. आमच्या हिनं विचारलं, "अहो, ऊन तर डोक्यावर आहे, मग लाईट कशी गेली?" मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण क्षणभर मलाही उत्तर सुचेना. विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मीच विचारलं नव्हतं.

आपल्याकडे बहुतेक घरांवर बसतं ते ऑन-ग्रिड सोलर. त्याचा इन्व्हर्टर महावितरणच्या तारेतल्या विजेचा ठेका धरून चालतो. ठेका थांबला की तोही थांबतो, आणि थांबायलाच हवा. नाहीतर डीपीवरची लाइन बंद करून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात तुमच्या गच्चीवरची वीज यायची! लाईट गेल्यावरही पंखा हवा असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या. खर्च मात्र चांगलाच वाढतो.

मग दुपारची उरलेली वीज जाते कुठं? तारेतून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे. वाटीभर साखर उसनी द्यावी आणि गरजेला परत घ्यावी, तसा हा व्यवहार. नेट मीटर ही त्याची वही. ३१ मार्चला वही मिटते. शिल्लक युनिटांना आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी भाव मिळतो, म्हणून हौसेनं मोठा प्लँट बसवू नका. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये सबसिडी आहे. पुढं कितीही वाढवा, ७८,००० च्या वर छदाम नाही.

मला उन्हापेक्षा सोयाबीननं जास्त नाडलं. दसऱ्याच्या सुमारास बाजूच्या वावरात थ्रेशर लागलं आणि कुटाराची धूळ काचांवर बसली. मोबाइलवर रोजच्या १२ युनिटांचे ९ दिसू लागले. मी तापल्या दुपारी बोअरच्या पाण्यानं पॅनेल धुतली. एका बादलीत दोन चुका! तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये, आणि आपल्या बोअरच्या क्षारांचे पांढरे डाग जाता जात नाहीत. आता साठवलेलं पावसाचं पाणी वापरतो, तेही सकाळीच.

तिसरी फजिती सावलीची. जागेची पाहणी झाली मेच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा दुपारी सूर्य वाशीमच्या बरोबर माथ्यावर असतो. पाण्याच्या टाकीला सावलीच नव्हती. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला. तेव्हा आपल्याकडे भर बारालाही वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी पडते. ती एका पॅनेलवर आली आणि माळेत जोडलेल्या सगळ्यांचाच जोर उतरला. शेवटी टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात हलवली.

आता शेजारी सोलर घेताहेत. परवा त्यांच्या गच्चीवर काठी उभी करून मी त्यांना डिसेंबरची सावली समजावत होतो. ही जिन्यातून वर आली, म्हणाली, "ते आखा सावकाश. आधी वहिनींच्या कुरडयांची जागा सोडा."