आजीची मूठ



आज तुम्हांला माझ्या आजीविषयी चार गोष्टी सांगणार आहे. ती कोणी नामांकित बाई नव्हती. अक्कलकोट तालुक्यातल्या एका लहान खेड्यात तिचा जन्म गेला. आमचा मुलूख सीमेवरचा. एकाच घरात कानडी आणि मराठी दोन्ही नांदतात. आजी भाकऱ्या मोजायची ती 'ओंदु, एरडु, मूरु' अशा, आणि रागवायची मात्र मराठीत. अक्षर तिला एकही येत नव्हते.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. सोलापूर जिल्ह्याला त्याची फार झळ लागली. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली. माणसे सरकारी कामावर खडी फोडायला जात. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे याच कामांचा अनुभव होता. कामावर सुकडी मिळे, आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो. आजीही पहाटे हातोडी घेऊन निघे.

आणि घरात तर मालदांडी ज्वारी होती! कोपऱ्यात एक मडके. आत राख आणि कडुनिंबाचा पाला, तोंड शेणामातीने लिंपलेले. त्यात एका एकराचे बी, चारेक किलो. मी तेव्हा दहा वर्षांचा. एके दुपारी मी ते लिंपण फोडले, मूठभर ज्वारी काढली आणि तव्यावर भाजून खाल्ली.

संध्याकाळी आजीने मडके पाहिले. तिने मला मारले नाही. नुसती म्हणाली, "लेकरा, हे आपलं न्हाई. हे फुडच्या सालाचं हाय." आणि पुन्हा तोंड लिंपून टाकले.

१९७३ साली पाऊस आला. हस्ताच्या ओलीवर पेरणी सुरू झाली. चुलत्यांनी तिफण हाकली, आजीने चाड्यावर मूठ धरली. बांधाच्या कोपऱ्याशी येताच तिने मूठ मिटून घेतली. तिफण चालत राहिली, पण दाणा पडला नाही.

"आजी, इथं का गं नाही पेरलं?"

"इथलं बी तू खाल्लंस, बाबा."

पुढे शाळेत मी तो हिशेब करून पाहिला. एकराचे गुंठे चाळीस, बी चार किलो. म्हणजे गुंठ्याला शंभर ग्रॅम, दोन मुठी. माझी एक मूठ म्हणजे अर्धा गुंठा. आजीने हे गणित पाटीवाचून सोडवले होते! सारे रान कणसांनी भरले, पण तेवढा कोपरा मोकळा राहिला. राखणीला जाताना रोज माझी मान खाली जाई.

पुढच्या वर्षी मात्र तिने माझा हात धरून चाड्यावर ठेवला आणि तो कोपरा माझ्याकडूनच पेरून घेतला.

शिक्षकबंधूंनो, मीही पुढे मास्तर झालो. एखाद्या पोराने खोडी केली की हात शिवशिवे. मग तो मोकळा कोपरा आठवे आणि छडी खाली राही. पोराने जे बिघडवले, ते त्याच्याच हातून नीट करून घ्यायचे, एवढेच मी आजीपासून शिकलो. ते सगळ्यांच्या बाबतीत साधले असे नाही. पण ज्यांच्या बाबतीत साधले, ती मुले अजून भेटायला येतात.

तुमच्याही घरात एखादी अशी आजी असेल, एखादा आजा असेल. आज रात्री जेवणे झाली की मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि त्यांचा दुष्काळ त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.