आवणी कुणी केली?



आज पदवी घेणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या मुलांपुढे माहितीपटांविषयी बोलायचं, तर सुरुवात शिवनेरीपासूनच करायला हवी.

या गडावरच्या बहुतेक चित्रफिती तुतारीने आणि ड्रोनमधून दिसणाऱ्या तटबंदीने सुरू होतात. मला आधी जिजाऊ दिसतात. वडील लखुजी जाधव आणि भाऊ जुलै १६२९ मध्ये निजामशाही दरबारात मारले गेलेले. शहाजीराजे मोहिमेवर. मुलूख लढायांनी पोळलेला, म्हणून गरोदर जिजाऊंना या बळकट गडावर ठेवलेलं. १९ फेब्रुवारी १६३० ला इथे जन्मलेलं बाळ पुढे छत्रपती झालं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवशी गडावर कुणालाच ठाऊक नव्हतं. माहितीपट करताना पुढचं सगळं बाजूला ठेवून त्या दिवसात उभं राहता आलं पाहिजे. शिवनेरीची गोष्ट ही आधी लढाईच्या काळातल्या एका घराची गोष्ट आहे.

आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. देशी चालकाने गाडी पुढे घ्यायला नकार दिला, तेव्हा गोऱ्या सार्जंटने चाक हाती घेतलं, असं सांगतात. हे फिल्ममध्ये जरूर घ्या, पण ‘असं सांगतात’ हे शब्द गाळू नका. आणि दुसऱ्याच कुठल्या मोर्चाची जुनी फीत त्या दिवसाची म्हणून लावू नका. बाबू गेनूंचं नाव आज डिंभे धरणाच्या जलाशयाला आहे. त्याच पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं. त्या विस्थापित घरांवरही तुमच्यापैकी कुणीतरी फिल्म करायला हवी.

दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका आणि मुलंच जास्त. अशाच, पण गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीच्या छावणीत राहिलेल्या पोलिश मुलांच्या आठवणी अनु राधा यांच्या २०१३ मधल्या ‘अ लिटल पोलंड इन इंडिया’ या माहितीपटात आल्या, कारण ती म्हातारी झाली असली तरी काही जण हयात होते.

सांगणारी माणसं आहेत तोवरच आठवणी टिपता येतात, म्हणून आपल्याकडेही घाई आहे. १९७१ च्या युद्धात ज्यांचे नवरे सीमेवर होते, त्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. पश्चिम आंबेगावातल्या अशाच एका आजींना मी आधी विचारलं, ‘तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?’ त्या नुसत्या ‘काय वाटायचं बाबा’ म्हणाल्या. मग विचारलं, ‘आजी, त्या साली भाताची आवणी कुणी केली?’ आजी सावरून बसल्या. दीर आला नाही, औत उसनं मागितलं, चिखल स्वतः केला, पाठीला पोर बांधून भात लावलं, हे सगळं तारीखवार सांगत गेल्या. पोस्टमन बांधावर दिसला की त्या घरात जाऊन चुलीपाशी बसायच्या. मनिऑर्डर असली तर तो हाक मारील. तार असली तर ती आपल्या हातात पडायला नको. मनिऑर्डरीची कुपनं त्यांनी अजून ट्रंकेत जपून ठेवलीत.

एखाद्या जवानाला पदक कुठल्या पराक्रमासाठी मिळालं, ते सरकारी कागदात सापडेल. औत कुणी दिलं, पत्र कोण वाचून दाखवायचं, हे फक्त आजींकडे आहे.

तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे. मात्र आवाजाकडे लक्ष द्या. मिक्सर आणि टीव्ही बंद करायला लावा. परवानगी घेतल्याशिवाय चित्रीकरण नको. फोटो, पत्रं तिथेच बसून टिपा, घरी घेऊन जाऊ नका. झालेल्या फिल्मची पहिली प्रत त्या घरात द्या. दुसरी प्रत नाव, गाव, तारीख लिहून या महाविद्यालयात आणा. ग्रंथालयात त्यासाठी एक कपाट द्यावं, अशी विनंती मी प्राचार्यांना या व्यासपीठावरूनच करतो.