बेळगावची वैशाखातली शिवजयंती



1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं.
तरीही तिथल्या मराठी माणसांनी आपला वारसा जपला, तोही वाजतगाजत.

महाराष्ट्र सरकारची शिवजयंती फेब्रुवारीत.
बेळगावची मात्र परंपरेने वैशाखात, शुद्ध द्वितीयेला.

मग एका रात्री चित्ररथ निघतात.
त्यांवर शिवचरित्रातले सजीव देखावे.
सोबत ढोल-ताशा, झांजा, लेझीम.
मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. त्या रात्री झोपेचं नाव काढू नये!

आणि खाणं?
पाहुण्यांपुढे बेळगावचा कुंदा हवाच. दूध आटवून केलेला, तपकिरी, खमंग.
लग्नकार्यात मांडे. कागदासारखे पातळ.

वारसा असा वाजतगाजत, खातपीत जपणारे मराठी लोक दूर मॉरिशसमध्येही आहेत.
कोकणातून गेलेलं झाकरी नृत्य तिथे अजून रंगतं.
गणेश चतुर्थीला तर साऱ्या देशाला सुट्टी असते.