बालमजुरी आणि तिचे दाखले

चॉकलेटच्या वेष्टनावर ‘यांत बालमजुरी नाहीं’ अशा अर्थाचा शिक्का असावा, ही मागणी आज जगांत ठिकठिकाणीं होत आहे. मागणी रास्त आहे. परंतु शिक्का मारणें निराळें आणि त्यामागें सत्य असणें निराळें. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाहीं.

मुंबईच्या कापडगिरण्यांत एके काळीं सात-आठ वर्षांचीं मुलें राबत. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस मनाई केली. ही मर्यादा १८९१ सालीं नऊवर व १९२२ सालीं बारावर गेली. दरम्यान १९११ च्या कायद्यानें मुलाच्या वयाचा व प्रकृतीचा डॉक्टरी दाखला आवश्यक ठरविला. कागदोपत्रीं व्यवस्था चोख झाली. मात्र अर्धवेळ कामाची परवानगी असलेलें मूल सकाळीं एका गिरणींत आणि दुपारीं दुसरींत जाऊं लागलें! प्रत्येक गिरणीचें दफ्तर पाहावें तर तें निर्दोष. मुलाचा दिवस पाहावा तर तो मोठ्या माणसाच्या दिवसाइतका लांब. अखेर १९२६ सालीं कायदा दुरुस्त करून अशा मुलांच्या पालकांस दंड ठेवावा लागला. तपासणी गिरणीची होत होती, मुलाची नव्हे.

गिरणीला निदान दरवाजा तरी असतो. शेताला तोही नाहीं. भोर तालुक्यांतील आंबवड्यासारख्या भाताच्या गांवीं लावणीला घरचीं आणि शेजारचीं माणसें पुरतात. उसाचें तसें नाहीं. त्याच तालुक्यांत निगडे येथें राजगड सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यांची ऊसतोड मुख्यतः बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून आलेल्या मजुरांच्या बळावर चालते. मुकादम उचल देऊन नवरा-बायकोची जोडी बांधून घेतो. त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसांचें नांव गेलें आणि हत्याराचें उरलें. मजुरी टनावर मिळते. मग मागें गांवीं ठेवण्यास कोणी नसलेलें मूल बरोबर येतें, धाकटें भावंड सांभाळतें, वाढें गोळा करतें, मोळी बांधूं लागतें. हिशेबाच्या वहींत त्याचें नांव नाहीं. म्हणून वही तपासणाऱ्याला तेथें मूल दिसत नाहीं.

१९८६ च्या बालकामगार कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत बंदी झाली. पण शाळा सांभाळून कुटुंबाच्या व्यवसायांत मदत करण्याची मुभा राहिली. ऊसतोड हा कांहीं मजुराचा घरचा व्यवसाय नव्हे. ऊस दुसऱ्याचा, उचल दुसऱ्याची. तरी ‘आईबापांना हातभार’ ही सबब सहज पुढें होते.

कोकोची कथा फारशी वेगळी नाहीं. आयव्हरी कोस्ट व घाना या दोन देशांतून जगाचा निम्म्याहून अधिक कोको येतो. तेथील बालमजुरीचे अत्यंत वाईट प्रकार २००५ पर्यंत बंद करण्याचा व प्रमाणपत्रांची पद्धत उभी करण्याचा करार अमेरिकन चॉकलेट-उत्पादकांनीं २००१ सालीं केला. मुदत टळली, पुढें ढकलली गेली. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठाशीं संलग्न संस्थेच्या पाहणींत या दोन देशांत कोकोच्या कामांतील मुलांची संख्या सुमारें १५ लाख ६० हजार आढळली. त्यानंतर शिक्क्यावर भरंवसा कोणी ठेवावा? एक उपाय मात्र ध्यानांत घेण्याजोगा आहे. कांहीं गांवांतून तेथलाच एखादा रहिवासी नेमतात. तो घरोघर जाऊन मुलांशीं बोलतो, आणि काम करणारें मूल सांपडलें तर त्याला शाळेंत घालण्याची खटपट होते. मूल सांपडणें हा येथें गुन्हा मानला जात नाहीं, म्हणून तें लपविलेंही कमी जातें.

साखरेलाही आतां प्रमाणपत्रें मिळतात. लंडनची बॉन्सुक्रो ही तें काम करणारी एक संस्था. अशा तपासणीचा खर्च बहुधा ज्याची तपासणी होते तोच देतो, आणि भेटीची तारीखही त्याला आधीं कळते. महाराष्ट्रांत स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळेकडून शिक्षण हमी पत्रक देण्याची योजना आहे. तें पत्रक नव्या गांवच्या शाळेंत पोहोंचलें कीं नाहीं, आणि हजेरीपटावर नांव असलेलें मूल त्या दिवशीं वर्गांत होतें कीं फडांत, हें पाहावयाचें तर तपासनिसानें पहांटेच टोळीच्या तळावर जावयास हवें. दहा वाजतां कारखान्याच्या कचेरींत चहा घेणाऱ्याला तें कसें दिसावें?